उत्तर मिळालं नाही म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही

हिग्ज बोसॉन 2012 साली सापडला, त्यानंतर एवढा पैसा ओतूनही हाती काही लागलं नाही, मूलभूत भौतिकशास्त्र अडलं आहे, तेव्हा आपल्या पोरांना त्या वाटेला लावू नका. कोहमाऱ्यात, सडक अर्जुनीत, गोंदियात हे मत मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता त्याला उत्तर देणं भाग आहे. सांगणारे अडाणी नाहीत. विज्ञानाचे पदवीधर आहेत, अकरावी-बारावीला शिकवणारे आहेत, आणि मुलांबद्दल त्यांना कळकळ आहे. तरीही त्यांचं मत चुकीचं आहे, आणि ज्या खात्रीने ते मुलांच्या कानावर घातलं जातं त्याने मुलांचं नुकसान होतं आहे.

त्यांच्या बोलण्यात खरं काय आहे ते आधी मान्य करतो. 2006 साली ली स्मोलिन आणि पीटर वॉइट या दोघांनी स्वतंत्र पुस्तकं लिहून स्ट्रिंग सिद्धान्तावर कडक टीका केली. प्रयोगाच्या कसोटीला लावता येईल असं भाकीत हा सिद्धान्त करत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. 2018 साली सबिने होसेनफेल्डर यांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं की सिद्धान्त मांडणारे गणिताच्या सौंदर्याला भुलले आणि त्या सौंदर्यालाच पुरावा समजू लागले. या टीकेतला मोठा भाग मला पटतो. हिग्जचं वस्तुमान सुमारे 125 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट भरलं. क्वांटम परिणाम हिशोबात धरले तर ते प्रचंड फुगायला हवं, आणि फुगू नये म्हणून आकडे एकमेकांशी कमालीच्या बारकाईने जुळावे लागतात. हे कोडं सुटावं म्हणून सुपरसिमेट्री मांडली गेली. प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असेल आणि जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, 27 किलोमीटर परिघाच्या एलएचसी या यंत्रात ते जोडीदार दिसू लागतील, असं मोठमोठ्या माणसांनी भरवशाने सांगितलं. ते दिसले नाहीत. ती अपेक्षा फसली, आणि ते आडवळणाने सांगण्याचं कारण नाही.

पण यातून आपल्याकडे जो निष्कर्ष काढला जातो तो कुठून आला? स्मोलिन यांचं पुस्तक तर न सुटलेल्या पाच मोठ्या प्रश्नांपासूनच सुरू होतं. या लेखकांचा राग प्रश्नांवर नव्हता. एवढे मोठे प्रश्न समोर असताना बुद्धिमान माणसं एकाच वाटेवर गर्दी करतात, यावर होता. ती टीका आपल्यापर्यंत पोचता पोचता उलटी झाली. प्रश्नांची नीट सेवा होत नाही म्हणून केलेली तक्रार आपण प्रश्नच संपल्याचा दाखला म्हणून वापरू लागलो.

सुपरसिमेट्री हा एक अंदाज होता. अंदाज फसला म्हणून ज्या गोष्टी मोजून हाती आल्या आहेत त्या नाहीशा होत नाहीत. आणि मूलभूत भौतिकशास्त्रातले आजचे सर्वांत मोठे प्रश्न कुणाच्या आवडीनिवडीतून आलेले नाहीत, ते मोजमापातून आलेले आहेत. न्यूट्रिनोचंच घ्या.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना न्यूट्रिनो बाहेर पडतात. पृथ्वीवर एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे 65 अब्ज सौर न्यूट्रिनो आरपार जातात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, कपडे धुण्याच्या कारखान्यात वापरतात त्या क्लोरीनयुक्त द्रवाची सुमारे 600 टनांची टाकी बसवून ते मोजायला सुरुवात केली. जॉन बाकॉल यांच्या गणिताने जितके यायला हवे होते त्याच्या एक तृतीयांशच सापडले. डेव्हिस यांचं मोजमाप चुकलं असेल, असं काही म्हणाले. बाकॉल यांचं सूर्याचं गणित चुकलं असेल, असं दुसरे म्हणाले. हा वाद तीस वर्षं चालला. या तीस वर्षांत कुणीही उठून म्हणू शकलं असतं की हे क्षेत्र अडलं आहे, एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो, पुढे काही सरकत नाही. पुष्कळांनी तसं म्हटलंही असेल. 1998 साली जपानमधल्या सुपर-कामियोकांडेने आणि 2001-02 मध्ये कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने उलगडा केला. डेव्हिस बरोबर होते आणि बाकॉलही बरोबर होते. न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात, आणि ती बदलायची तर त्यांना वस्तुमान असावंच लागतं. ज्या प्रमाण प्रतिमानाला आपण स्टँडर्ड मॉडेल म्हणतो, त्याच्या मूळ मांडणीत न्यूट्रिनोचं वस्तुमान शून्य होतं.

1970 च्या दशकानंतर काही नवीन सापडलं नाही असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. हा शोध 1998 चा आहे आणि तो त्या प्रतिमानाला भेग पाडणारा आहे. न्यूट्रिनोचं वस्तुमान किती, हे आजही ठरलेलं नाही. जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने 2025 मध्ये वरची मर्यादा 0.45 इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी खाली आणली. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 5 लाख 11 हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणजे निसर्गातला एक कण इलेक्ट्रॉनच्या दहा लाखांश भागापेक्षाही हलका आहे, आणि तो इतका हलका का, हे कुणाला माहीत नाही. तीन न्यूट्रिनोंमध्ये सर्वांत हलका कोणता, हेसुद्धा ठरलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नांवर एवढं थांबत नाही. विश्वातल्या एकूण आशयापैकी आपल्या ओळखीचं द्रव्य सुमारे 5 टक्के. 27 टक्क्यांच्या आसपास कृष्णद्रव्य, उरलेली कृष्णऊर्जा. न दिसणाऱ्या या कृष्णद्रव्याचा हिशोब दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्यावरून निघतो, आणि तो वेग दुर्बिणीतून मोजलेला आहे, कुणाच्या कल्पनेतला नाही. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान असतं तर दोन्ही एकमेकांना पुसून गेले असते. दर अब्जामागे एखादा कण शिल्लक राहिला, आणि त्या शिलकीतून तारे, पृथ्वी, आपण झालो. द्रव्य आणि प्रतिद्रव्य किंचित वेगळं वागतात हे 1964 साली क्रोनिन आणि फिच यांच्या प्रयोगाने दाखवलं. 2025 मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने प्रोटॉनच्या कुळातल्या जड कणांतही तो फरक प्रथमच पाहिला. पण आजवर सापडलेला सगळा फरक एकत्र केला तरी विश्वातली शिल्लक समजावायला तो फार अपुरा पडतो. आपण आहोत, हाच न सुटलेल्या या प्रश्नाचा पुरावा आहे. याला अडलेलं शास्त्र म्हणायचं असेल तर अडलेलं नसलेलं शास्त्र कोणतं, ते मला दाखवा.

आता म्युऑनची गोष्ट, कारण विरोधक तिचा दाखला हटकून देतात. म्युऑनच्या चुंबकीय वर्तनात सिद्धान्त आणि प्रयोग यांच्यात फरक दिसत होता आणि नवा कण दाराशी आल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. जून 2025 मध्ये फर्मीलॅबने आपला शेवटचा निकाल दिला, दर अब्जात 127 भाग इतक्या अचूकतेचा. त्याच सुमारास सिद्धान्ताच्या बाजूने महासंगणकांवर केलेली नवी गणितं आली आणि फरक जवळजवळ मिटला. नवा कण मिळाला नाही. "बघा, पुन्हा हात रिकामे," असं मला सांगितलं गेलं. मला यात उलट बळ दिसतं. ज्या माणसांनी त्या फरकावर आयुष्यातली वीस-वीस वर्षं घातली, त्यांच्याच शाखेने स्वतःची सर्वांत लाडकी आशा स्वतःच्या आकडेमोडीने खोडून काढली आणि तो निकाल उघडपणे छापला. समाजात अशा किती जागा आहेत जिथे आपल्याला हवा असलेला निकाल आपणच पुराव्यासमोर मागे घेतो? मुलांना दाखवण्यासारखं याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

यानंतर हमखास येतो तो आक्षेप असा: असेल हे सगळं खरं, पण त्याचा आपल्या भागाशी काय संबंध? आपला तालुका धानाचा आणि जंगलाचा. मुलांना नोकरी लागली पाहिजे.

संबंध आहे, आणि तो अगदी अंगाला लागून आहे. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरात, सुमारे 15 किलोमीटर उंचीवर हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून म्युऑन जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावूनही ते साडेसहाशे-सातशे मीटरच कापू शकले असते. तरीही ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण त्या वेगाला त्यांचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या तुलनेत हळू चालतं. सापेक्षतेचा हा पुरावा कोहमाऱ्याच्या चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगावर पडतो, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या हिशोबाने. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचीच सुमारे 207 पट जड प्रत. तो 1936 साली सापडला. निसर्गाला ही प्रत कशासाठी लागली आणि तिच्यावर आणखी जड अशी तिसरी प्रत कशासाठी, याचं उत्तर जवळपास नव्वद वर्षांत मिळालेलं नाही. सर्वांत जुन्या खुल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न महामार्ग 53 वरून जाणाऱ्या ट्रकमधूनही आरपार जातो आहे.

उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-3 ही वेधशाळा आहे. 560 चौरस मीटरचा तिचा म्युऑन संवेदक दिवसरात्र म्युऑन मोजतो. 1 डिसेंबर 2014 ला तिथून एक गडगडाटी ढग गेला आणि म्युऑनांची संख्या घटली. ढगातल्या विद्युतक्षेत्राने धन आणि ऋण म्युऑनांवर वेगवेगळा परिणाम केला होता. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातलं विभवांतर काढलं: 1.3 अब्ज व्होल्ट. तो निकाल 2019 साली प्रसिद्ध झाला. ढगांत इतकं प्रचंड विभवांतर असू शकेल असा अंदाज सी. टी. आर. विल्सन यांनी 1920 च्या दशकात बांधला होता. त्यावर एका ढगापुरतं का होईना, थेट मोजमाप मिळालं. ते मिळालं भारतात, आणि ते ज्या कणांनी दिलं त्यांचा अभ्यास "निरुपयोगी" म्हणून आपण मुलांना टाळायला सांगतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायामाणसांवर वीज पडते, हे पूर्व विदर्भात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ढगाच्या पोटात काय चालतं हे कळणं आपल्याला परकं आहे, असं कुणी कोणत्या तोंडाने म्हणावं? या मोजमापाने उद्याच एखाद्याचा जीव वाचेल, असा दावा मी करत नाही. ज्ञान आपल्याशी असंबद्ध आहे हा दावा मात्र मी मान्य करणार नाही.

खर्चाचं बोलू. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात बोडीच्या डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा उभारायची योजना होती. तिची जुळवाजुळव 2002 च्या सुमारास सुरू झाली आणि जानेवारी 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 1,500 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. 50 हजार टन चुंबकित लोखंडाचा संवेदक, डोंगराच्या पोटात. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम ठरवणं हे तिचं मुख्य काम होतं. 1,500 कोटी हा आकडा ऐकून आपले लोक दचकतात. समृद्धी महामार्गाला 701 किलोमीटरसाठी 55 हजार कोटींच्या आसपास खर्च आला. त्या दराने ही अख्खी वेधशाळा म्हणजे विसेक किलोमीटर रस्ता. समृद्धी गोंदियापर्यंत आणण्याची आखणीही झाली आहे आणि ती आपल्याला हवी आहे. मलाही रस्ते हवेत. पण रस्त्याच्या विसाव्या किलोमीटरला जो देश कधी कचरत नाही, त्याने याच रकमेला श्रीमंतांचा चोचला म्हणावं, हे मला पटत नाही.

ती वेधशाळा अजून उभी राहिलेली नाही. डोंगराच्या आत सुमारे दोन किलोमीटर बोगदा खणताना होणारे स्फोट, पाणी, जवळचं मतिकेट्टान शोला राष्ट्रीय उद्यान यांची काळजी करत स्थानिकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी विरोध केला. नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारी राहणारा माणूस ही काळजी उडवून लावू शकत नाही. जंगलाशेजारच्या माणसाला न विचारता मंत्रालयात निर्णय होतात तेव्हा काय वाटतं, ते आम्हाला ठाऊक आहे. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होईल ही भीती निराधार होती. ते तसेही प्रत्येकाच्या अंगातून जातच असतात. स्फोटांबद्दलची आणि पाण्याबद्दलची शंका मात्र रास्त होती, आणि संस्थांनी गावाशी बोलायला सुरुवात फार उशिरा केली. हा दोष प्रश्नाचा नाही, आपल्या कारभाराचा आहे. परिणाम असा की चीनने 2013 च्या सुमारास मान्य केलेला ज्युनो हा प्रयोग ऑगस्ट 2025 पासून मोजमाप घेऊ लागला. जमिनीखाली 700 मीटर, कणांच्या माऱ्याने चमकणारा 20 हजार टन द्रव, पद्धत वेगळी, पण प्रश्न तोच. प्रश्न संपला म्हणून आपण मागे राहिलो नाही. प्रश्न जिवंत होता, आणि तो सोडवायला दुसरे पुढे गेले.

आणि हे क्षेत्र आपलं नाही, ही कल्पना तर इतिहासालाच धरून नाही. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदी 1965 साली झाल्या, त्या दोन ठिकाणी: दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर. कोलारचा प्रयोग टाटा संस्थेचा, ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांसह केलेला. त्याच खाणीत पुढे प्रोटॉनचा क्षय शोधण्याचा प्रयोगही झाला. प्रोटॉन क्षय पावतो का, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. सुपर-कामियोकांडेच्या मोजमापानुसार, पावत असलाच तर त्याचं आयुष्य 10 चा 34 वा घात इतक्या वर्षांहून अधिक आहे.

माणसंही आपलीच आहेत. पुण्यात जन्मलेल्या, स. प. महाविद्यालयात शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी मान्युएल ड्रीस यांच्यासोबत केलेलं काम नव्या कणवेगकांचा आराखडा करताना विचारात घ्यावं लागतं. 25 ऑक्टोबर 2024 ला त्या गेल्या. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी 1986 मध्ये गुरुत्वाकर्षणाची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली, स्ट्रिंग सिद्धान्ताहून वेगळी वाट. शिरपूर खानदेशातला तालुका आहे. कोल्हापूरचे अतिश दाभोलकर कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीवर काम करत त्रिएस्तेच्या आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकशास्त्र केंद्राचे संचालक झाले. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबत 1991 मध्ये गुरुत्वलहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. लहर सापडली 14 सप्टेंबर 2015 ला. मधली चोवीस वर्षं त्यांना कुणीही विचारू शकलं असतं, मिळालं काय? आता लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होते आहे, 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुमारे 2,600 कोटींतून, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. हिंगोलीलाही सगळे मागास जिल्हाच म्हणत आले.

माझ्या सहकाऱ्यांना म्हणून माझं सांगणं आहे. मुलाला नोकरीची चिंता करायला शिकवा, त्यात गैर काही नाही. प्रत्येकाने कणभौतिकीत जावं असं मी म्हणत नाही. बहुतेक जाणार नाहीत आणि जाऊही नये. पण शास्त्र संपलं आहे असं त्याला सांगू नका, कारण ते खोटं आहे. जे खोटं आहे ते वर्गात सांगण्याचा अधिकार आपल्याला कळकळीनेही मिळत नाही. ज्या मुलीच्या मनात "असं का?" उठतं, तिला आपण सांगतो की मोठ्यांनी ते सगळं शोधून संपवलं किंवा हरून सोडून दिलं. त्याच क्षणी ती वहीतून वर बघणं बंद करते.

कोहमारा, सडक अर्जुनी, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. मेघपेटी बनवा. काचेची पेटी, तळाला काळा धातूचा पत्रा, त्याखाली कोरडा बर्फ, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला नमदा आणि बाजूने टॉर्चचा झोत. कोरडा बर्फ तेवढा शहरातून आणावा लागतो; हातमोजे घालून आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवूनच तो हाताळायचा. थोड्या वेळाने पेटीत पांढऱ्या रेषा उमटू लागतात आणि विरतात. त्यांतल्या काही म्युऑनच्या असतात. पहिली मेघपेटी ढगांतल्या विभवांतराचा अंदाज बांधणाऱ्या त्याच विल्सन यांनी बनवली होती, आणि 1936 मध्ये म्युऑन सापडला तोही मेघपेटीतच. बारावीच्या मुलांना त्या रेषा दाखवा, आणि त्या उमटवणारा कण निसर्गात का आहे हे अजून कुणालाही ठाऊक नाही, हे त्यांना खरं खरं सांगा.